रिमचा खर्च

"साडेसात हजार," अण्णाप्पाकाका म्हणाले आणि हातातला पाना फडक्याने पुसत राहिले.

"एका रिमचे?"

"एका रिमचे. मॅगव्हील हाय सूनबाई, साधी डिस्क न्हवं."

"जुनी दुरुस्त नाही होत?"

"मॅग एकदा चिरली की गेली. वेल्डिंग मारलं तर दिसायला बरी दिसती, पण भरवसा न्हाई. उद्या चालत्या गाडीत सुटली म्हंजे?"

"पण चिरते कशी? आबा गाडी पळवत तर नाहीत."

"माल हलका यायला लागलाय. कास्टिंगच कच्चं असतंय आता. त्याला आबा काय करणार आनि मी काय करणार?"

हे सगळं ते पान्याकडे बघत बोलले. मी पैसे दिले आणि पावती मागितली. पावतीपुस्तक संपलंय म्हणाले. मागच्या वेळी आबांनाही हेच सांगितलं होतं.

या गोष्टीला अकरा वर्षं झाली. आम्ही तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या गावात राहत होतो. आम्ही म्हणजे मी, माझी मुलगी गार्गी आणि माझे सासरे हिंदुराव शेवाळे, ज्यांना सगळा गाव आबा म्हणायचा. माझा नवरा धैर्यशील पुण्याला नोकरीला होता आणि एक शनिवार सोडून एक घरी यायचा. मी गावातल्या पतसंस्थेत होते. आबा कारखान्यात ड्रायव्हर होते, तेही चेअरमनच्या गाडीवर. मुंबईच्या प्रवासात चेअरमन मागच्या सीटवर घोरत असत आणि त्यांना जाग यायची ती थेट मंत्रालयाच्या दारात. आबांना ही गोष्ट सांगायला फार आवडायची. गाडी चालवण्याबद्दल याहून मोठं प्रशस्तिपत्र त्यांच्या लेखी नव्हतं.

अण्णाप्पा मगदूम त्याच कारखान्याच्या गॅरेजात फिटर होते. दोघे एकाच वर्षी निवृत्त झाले. अण्णाप्पांनी फाट्यावर पत्र्याचं शेड घालून स्वतःचं गॅरेज काढलं आणि आबांनी तिथल्या टायरच्या चळतीवर रोज संध्याकाळी बसायला सुरुवात केली. सासूबाई गेल्यापासून आबांना दुसरीकडे कुठे बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

त्या जूनमध्ये गार्गीच्या शाळेची व्हॅन बंद झाली. शाळा कॅनॉलच्या पलीकडे, तालुक्याच्या रस्त्याला होती. मी रिक्षा बघत होते, पण आबा म्हणाले, "घरात गाडी हाय, ड्रायव्हर हाय. भाड्याची रिक्षा कशाला?" धैर्यशीलने घेतलेली पांढरी गाडी एरवी दारात उभीच असायची. तिची चारही चाकं चकचकीत मॅगव्हीलची, म्हणजे हलक्या मिश्रधातूच्या ओतीव रिमची होती. ती त्याने हौसेने जास्त पैसे भरून घेतली होती.

दिवाळी येईपर्यंत त्यातल्या तीन रिम बदलून झाल्या होत्या. पहिलीचं मला काही वाटलं नाही. दुसरीला आबांनी ठेव मोडली. ते काउंटरवर आले, तेव्हा समोर मीच होते. तिसऱ्या वेळी त्यांना पुन्हा ठेव मोडू द्यायची नाही म्हणून मी स्वतः पैसे घेऊन गॅरेजला गेले. वर सांगितलं ते बोलणं त्या वेळचं.

रात्री जेवताना मी आबांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा, या रिम चिरतात कशाने?"

आबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "माल हलका यायला लागलाय. कास्टिंगच कच्चं असतंय आता."

शब्द तेच होते आणि क्रमही तोच. दोन माणसं एखादी गोष्ट खरी सांगतात, तेव्हा एक जण खड्डा म्हणतो आणि दुसरा दगड म्हणतो. दोघांचं वाक्य अक्षरशः एक असेल, तर ते आधी कुणीतरी बसून तयार केलेलं असतं. आबांना हे वाक्य अण्णाप्पांनी पढवलं होतं, याबद्दल मला शंका राहिली नाही. का पढवलं, एवढंच शोधायचं होतं.

धैर्यशीलला फोनवर सांगितलं, तर तो हसला.

"अण्णाप्पा आबांना फसवेल? अगं, त्या माणसाच्या मांडीवर माझं जावळ काढलंय."

"पाच महिन्यांत तीन रिम, धैर्यशील."

"रस्ते बघितलेस का आपले?"

"मग खड्डा म्हणावं ना. दोघंही कास्टिंग का म्हणतात?"

"तू पतसंस्थेत वसुलीचं काम बघायला लागल्यापासून तुला सगळं जग थकबाकीदार दिसतंय."

"आणि तुला?"

"मला माझा बाप दिसतो. त्याला एकच मित्र आहे. तो खोटा ठरवलास, तर संध्याकाळी आबा कुठे जाऊन बसणार, ते पण ठरवून ठेव."

हे मात्र खरं होतं. म्हणून मी गावात कुणाकडे बोलले नाही. पण तेवढ्यासाठी मित्राने लुटायचं आणि आपण गप्प बसायचं, हेही मला पटत नव्हतं.

पुढच्या शनिवारी कामासाठी सांगलीला जायचं होतं. तिथे टायरची दुकानं एका ओळीत आहेत. तिसऱ्या दुकानात आमच्या गाडीची रिम होती.

"साडेसात," दुकानदार म्हणाला. "पण एकच कशाला घेताय? लोक चारचा सेट नेतात. एक नवी, तीन जुन्या, शोभत नाही."

"अण्णाप्पा मगदूम तुमच्याकडूनच नेतात ना?"

"फाट्यावरचे मिस्त्री? आमच्याकडूनच. त्यांना पण साडेसातच. तुम्ही त्यांच्या ओळखीच्या, म्हणून तुम्हाला तोच भाव सांगितला."

"त्यांना काही कमी नाही पडत?"

"मी कमी करायला तयार आहे हो, त्यांनी मागायला पाहिजे ना! मिस्त्री लोकांचं ठरलेलं असतं, दुकानातून एका भावाने न्यायचं आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या भावाने लावायचं. हा माणूस कधी बोलतच नाही. मीच म्हटलं, मिस्त्री, गिऱ्हाईक सारखं रिम फोडतंय, तर साधी लोखंडी डिस्क टाका, अठराशेत काम होतं. तर म्हणाले, नको. बाकीच्या तीन चाकांसारखीच दिसली पाहिजे, फरक कळता कामा नये."

"कुणाला कळता कामा नये?"

"ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला रिम विकायचीय."

परतीच्या बसमध्ये मी हिशेब पुन्हा मांडून पाहिला. तो जुळत नव्हता. अण्णाप्पा नफा घेत नव्हते. गिऱ्हाइकाला लुटणारा मिस्त्री मला समजला असता. काहीच न मिळवता त्याच गिऱ्हाइकाच्या गाडीला पुन्हा पुन्हा महागडी रिम बसवणारा आणि वर त्याबद्दल खोटं बोलणारा मिस्त्री मला समजेना. एकच शक्यता उरत होती. रिम बदलल्याच जात नसाव्यात. दुकानातून आणलेली नवी रिम दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागत असावी आणि आमचीच जुनी धुऊन-पुसून आमच्या गाडीला परत बसत असावी. म्हणूनच फरक कळता कामा नये.

हे तपासणं सोपं होतं. माझ्याकडे लाल नेलपॉलिश होतं.

रविवारी दुपारी आबा पडले होते, तेव्हा मी अंगणात गेले. चाकाच्या आतल्या बाजूला, कुणाचा हात जाणार नाही अशा जागी, प्रत्येक रिमवर एक ठिपका द्यायचा होता. उजवीकडची दोन्ही चाकं झाली. डाव्या बाजूला गाडी आणि कंपाउंडची भिंत यांच्यात बोळासारखी जागा होती. मी तिथे बसून मागच्या चाकात हात घातला होता, तेवढ्यात आबा बाहेर आले. नळ गळतोय का बघायला आले असावेत. नळ भिंतीच्या टोकाला होता. ते त्या बोळातूनच आले, भिंतीला हात लावत, आणि माझ्या अगदी जवळून पुढे गेले. नळ घट्ट केला, तसेच माघारी फिरले आणि गाडीच्या दुसऱ्या अंगाने घरात गेले. मी चाकाला चिकटून तशीच बसले होते. विचारलं असतं, तर गार्गीचा चेंडू गाडीखाली गेलाय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. त्यांनी विचारलं नाही. माझं नशीब चांगलं, असं मी समजले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली आणि चौथी रिम गेली. आबांनी मला सांगितलंही नाही. संध्याकाळी ते गॅरेजवरून आले, तेव्हा मागचं डावं चाक जरा जास्त चमकत होतं. मी टॉर्च घेऊन वाकले. बाकीच्या तिन्ही चाकांत लाल ठिपका होता. मागच्या डाव्यात नव्हता.

म्हणजे रिम खरोखरच बदलली होती. माझा तर्क चुकला होता, पण संशय कमी झाला नाही. आता जुनी रिम बघायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी स्कूटी काढून फाट्यावर गेले. अण्णाप्पाकाका एका जीपखाली झोपून काम करत होते. फक्त पाय बाहेर होते.

"काका, कालची जुनी रिम कुठाय?"

पाय हलायचे थांबले. "भंगारात दिली."

"कालच्या काल?"

"भंगारवाला आला हुता."

"तो तर सोमवारी येतो. आमच्या गल्लीतही तोच येतो."

मी शेडच्या मागे गेले. तिथे फुटके बंपर, टायर आणि रिकामे डबे पडले होते. कोपऱ्यात पोत्यांनी काहीतरी झाकलं होतं. मी पोती ओढली.

"सूनबाई, तिकडं साप-किरडू असतंय!" अण्णाप्पाकाका ओरडत मागे आले.

साप नव्हता. चार मॅगव्हील एकावर एक ठेवलेल्या होत्या. वरच्या रिमच्या आतल्या बाजूला माझा लाल ठिपका होता. मी ती उचलून उन्हात आणली. बाहेरची कड एका जागी आत दबली होती आणि तिथून बोटभर चीर गेली होती. कास्टिंग कच्चं असायचा काही संबंध नव्हता. ही रिम कशावर तरी जोरात घासली होती, आपटली होती. दबलेल्या कडेच्या खाचेत रंग अडकला होता. गुलाबी.

मी दुसरी उचलली, मग तिसरी, चौथी. सगळ्यांवर कुठे ना कुठे तोच गुलाबी रंग होता.

त्या भागात मंगल कार्यालय सोडलं, तर हा रंग एकाच जागी होता. गावातलं मंगल कार्यालय रंगवून उरलेला रंग सरपंचांनी वाया जाऊ नये म्हणून कॅनॉलच्या पुलाच्या कठड्याला लावला होता. लोक त्याला नवरीचा पूल म्हणून हसायचे. पूल अरुंद होता. कठडा गुडघ्याएवढा, त्याच्या पायाशी रस्त्यात आलेली सिमेंटची पायरी, तिलाही तोच रंग, आणि पलीकडे कॅनॉलचं पाणी.

"हा रंग पुलाचा आहे," मी म्हणाले.

अण्णाप्पाकाका एका उलट्या डब्यावर बसले. त्यांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"आबांनी कठड्याला लावली? चारही वेळा?"

"मला काय म्हाईत."

"काका."

"खरंच म्हाईत न्हाई. त्यांनी सांगितलं न्हाई, मी इचारलं न्हाई."

"आणि तुम्ही निमूटपणे साडेसात हजारांची रिम बसवत राहिलात?"

"तुला न्हाई कळायचं पोरी. कारखान्याच्या गॅरेजात आमची रीतच हुती. ड्रायव्हरनं गाडी आणून लावायची आनि घरला जायचं. साहेबाच्या नजरंला पडायच्या आत आम्ही पत्रा सरळ करून, रंग मारून, हुती तशी करून ठेवायची. कुटं लागली, कशी लागली, इचारायचं न्हाई. इचारलं की कागदावर येतंय, आनि कागदावर आलं की त्या मानसाच्या पोटावर येतंय. तुज्या सासऱ्यानं पण माझं काय काय झाकलंय, ते तुला ठावं न्हाई."

"आता कुठला साहेब बघणार आहे?"

अण्णाप्पाकाकांनी माझ्याकडे पहिल्यांदा सरळ बघितलं. "तू. आनि धैर्यशील."

"म्हणून फरक कळता कामा नये."

"म्हनून. आनि ते कास्टिंगचं मीच सांगितलेलं. घरात कायतरी सांगायला पायजे हुतं की."

मी रिमांकडे बघत उभी राहिले. "या कुठल्या बाजूच्या आहेत?"

त्यांनी मांडीवरची टोपी सरळ केली.

"काका, उजवीकडची एक तरी आहे का यात?"

"न्हाई. दोन म्होरल्या डाव्या, दोन मागल्या डाव्या."

"मग तुम्हाला काहीच कळलं नाही?"

"कळलं की!" त्यांचा आवाज चढला. "न कळायला मी काय आंधळा हाय? तिसऱ्या बारीला मी रीत मोडून बोललो. म्हटलं, आबा, डावीकडचं जरा बघून. डाक्टरला दावा. पोरगं आलं की त्यालाच काढू दे गाडी. तर म्हणाले, मी कुटं लांब जातोय, बाजारापत्तुर एकटा जाऊन येतो. मग म्या इचारलं, आनि नातीला शाळंला? म्हणाले, तिला रिक्षा लावलीया."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "काय लावलीय?"

"रिक्षा."

"काका, रिक्षा नाही. जूनपासून आबाच नेतात तिला. सकाळी सोडतात, दुपारी आणतात."

अण्णाप्पाकाकांच्या मांडीवरची टोपी खाली पडली.

"पुलावरनं?"

"दुसरा रस्ता कुठाय? पुढच्या सीटवर बसवतात. मी म्हटलं होतं मागे बसवा, तर आबा म्हणाले, पुढंच बसू दे, तिला गंमत वाटते."

पुढची सीट म्हणजे डावी सीट, हे मला बोलता बोलता जाणवलं. इतके दिवस मी अण्णाप्पांचं खोटं शोधत होते. आता कळत होतं की आबांनी मला एक सांगितलं होतं, अण्णाप्पांना दुसरं, आणि दोन्हीकडे आपण पकडले जाणार नाही याची व्यवस्थित काळजी घेतली होती. माझा संशय त्या शेडमागे उभ्या उभ्या एका म्हाताऱ्यावरून दुसऱ्यावर गेला. त्यात रागापेक्षा भीती जास्त होती, कारण शाळा सुटायची वेळ होत आली होती.

"फोन लाव त्यांस्नी," अण्णाप्पाकाका म्हणाले.

"गाडीत असले की आबा फोन उचलत नाहीत."

"मग चल."

ते स्कूटीवर माझ्या मागे बसले. त्या वयात एका हाताने सीट आणि एका हाताने टोपी धरून ते सारखे म्हणत होते, "हळू चल गं, हळू," आणि लगेच, "जरा दाब की, दाब."

कारखान्याचा हंगाम सुरू झाला होता. रस्त्याला उसाच्या गाड्या लागलेल्या होत्या. पुलाशी पोचलो, तेव्हा आमची पांढरी गाडी पलीकडून येताना दिसली. तिला थांबवायला मी पुलावर पळणार, तेवढ्यात आमच्या बाजूने दोन ट्रेलर लावलेला उसाचा ट्रॅक्टर कर्कश गाणी वाजवत पुलावर चढला. ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आला होता. त्याच्या शेजारून कशीबशी एक गाडी निघेल एवढीच जागा उरली आणि तिथून पळत पुढे जाणं शक्य नव्हतं. अण्णाप्पाकाका स्कूटी धरून रस्त्याच्या या कडेला राहिले. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला, कठडा संपतो तिथे जाऊन उभी राहिले. आबांची गाडी पूल उतरून माझ्याच अंगाने येणार होती.

समजूतदार ड्रायव्हर पलीकडेच थांबला असता. आबा थांबले नाहीत. ट्रॅक्टर मध्यावर आला, तेव्हा तेही मध्यावर होते आणि त्यांना कठड्याच्या बाजूला सरकावं लागलं. डावी चाकं कठड्याच्या दिशेने सरकताना मला समोर दिसत होती. मी ओरडले. गाण्यांच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही.

तेव्हा डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला. गार्गीचा. तिने कोपरापर्यंत हात बाहेर काढला, मान वाकवून खाली चाकाकडे बघितलं आणि दारावर तळहात मारला. एकदा.

गाडी थबकली. चाक जरासं उजवीकडे वळलं.

पुन्हा एकदा थाप. गाडी आणखी जराशी उजवीकडे, उसाच्या कांड्यांना घासत.

मग दोन थापा, लागोपाठ. गाडी पुढे निघाली.

उसाच्या ट्रकवरचे क्लीनर हेच करतात. डाव्या दाराला लटकून एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल. आमच्या गावातल्या कुठल्याही पोराला ते शिकवावं लागत नाही. हंगामात दिवसभर तेच कानावर पडतं. गार्गी ते इतक्या सरावाने करत होती की तिचं तोंडही गंभीर नव्हतं. कठड्यापासून वीतभर अंतर राखून तिने गाडी पुलावरून काढून आणली.

माझ्या डोक्यात जो हिशेब महिनाभर जुळत नव्हता, तो तेव्हा जुळला. चारही रिम तिला सोडून परत येताना किंवा तिला आणायला जाताना गेल्या होत्या. आबा एकटे असताना.

गाडी पूल उतरली. आबांना समोर उजवीकडे अण्णाप्पाकाका दिसले आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी हॉर्न वाजवला.

"काय रे अण्णाप्पा, आँ? माज्या सुनंची स्कूटी चोरलीस काय?"

गाडी माझ्यासमोर येऊन थांबली. मी डाव्या दारापाशी होते. खिडकीची काच खाली होती. माझा हात गार्गीच्या हाताला लागत होता.

"आबा, आई," गार्गी म्हणाली.

"कुटं हाय?" आबांनी विचारलं.

त्यांनी समोर बघितलं. मग उजवीकडे, अण्णाप्पाकाकांच्या मागे बघितलं. मग आरशात.

"ही काय," गार्गी म्हणाली.

तेव्हा आबांनी सगळी मान वळवली, जवळजवळ खांद्यापर्यंत, आणि त्यांना मी सापडले. त्यांनी माझं तोंड बघितलं, मग अण्णाप्पांचं, आणि गाडी बंद केली. ट्रॅक्टरची गाणी लांब गेली होती. आबा बराच वेळ दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"चल," शेवटी ते म्हणाले, कुणाला ते कळलं नाही. ते खाली उतरले, गाडीला हात लावत मागे गेले, मागचं दार उघडून आत बसले आणि त्यांनी ते स्वतः ओढून घेतलं. चावी गाडीलाच होती.

पुढे मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे, डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजव्याची डावी कडही धूसर झालीय, पण तो राखता येईल. आणखी सहा महिने काढले असते, तर तोही राहिला नसता. ते सगळं त्या आठवड्यात झालं. त्या दुपारी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त गाडी घरापर्यंत न्यायची होती.

माझ्याकडे लायसन्स होतं. धैर्यशीलने हौसेने क्लास लावून दिला होता. पण त्यानंतर आबांसमोर गाडीला हात लावायचं धाडस मी केलं नव्हतं. मी उजवीकडे येऊन बसले, सीट पुढे ओढली. अण्णाप्पाकाका माझी स्कूटी ढकलत मागे राहिले. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा सुरू झाली.

गावाच्या तोंडाशी डाव्या हाताला उसाच्या बैलगाड्या ओळीने उभ्या होत्या. बैल सोडून जुवाला बांधले होते आणि गाड्यांची चाकं रस्त्यावर आली होती. समोरून एसटी येत होती. तिने दिवा मारला. मला बैलगाड्यांपासून किती अंतर आहे ते कळेना. मी गाडी थांबवली.

गार्गीने खिडकीतून मान बाहेर काढून खाली बघितलं. तिने हात बाहेर काढला आणि दारावर दोन थापा मारल्या.

मी तरीही थांबूनच राहिले. एसटीने हॉर्न वाजवला. मी आरशात बघितलं. आबा मागे बसले होते, तोंड खिडकीकडे वळवून.

"जा," ते म्हणाले. "तिचं चुकत न्हाई."